धवलारीण : लिहायचं कसं आणि म्हणायचं कुणाला?

खाडीकाठचा: बहिणीचं लग्न आहे, उरणकडचं. पत्रिकेत हळदीच्या खाली धवलारीण (लग्नाच्या विधींना गाणी म्हणणारी बाई) म्हणून मोठ्या आत्याचं नाव घालायचं ठरलं. छापखान्यातून प्रूफ आलं, त्यात ‘धवल करीन’! म्हणजे आत्या नवरीला गोरं करून देणार. दुरुस्तीला बसलो तर घरातच एकमत नाही. आई म्हणते ‘धवलारीन’, काका म्हणतात ‘ढवळारीण’ लिहा. बरोबर काय?

वेलांटी: मूळ धवळा, म्हणजे लग्नातलं मंगल गाणं. संस्कृत ‘धवल’वरून, पांढरं, म्हणून उजळ, म्हणून शुभ. गुजरातीतला ‘धोळ’ याच घरातला. आगरी बोलीत ळ चा ल आणि ण चा न होतो (डोळा-डोला, पाणी-पानी), तेव्हा आईंचा उच्चार चोख आहे. पत्रिकेत ‘धवलारीण’ छापा. ढ नको, उगाच ढवळाढवळ आठवते.

नवखा: सरळ ‘स्त्री पुरोहित’ लिहिलं तर सगळ्यांना कळेल की.

वेलांटी: कळेल, पण चुकीचं कळेल. भटजींचं काम बाईने केलं असा त्याचा अर्थ होतो. धवलारीण कुणाच्या बदली बसत नाही. हळद दळण्यापासून पुढच्या एकेका विधीचं तिचं गाणं ठरलेलं असतं आणि ते तोंडपाठ असतं. म्हणून तर हा मान बहुधा वयस्कर बाईकडे जातो.

डहाणूवाला: आमच्याकडे वारल्यांत ‘धवलेरी’. लग्नघरात सवाशिणी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक (लग्नाचं चौकोनी चित्र) लिहितात, मधे पालघट ही सुफलतेची देवी, आणि धवलेरी तिथे गाते. १९७०च्या दशकात वारली चित्रकार जिव्या सोमा मशे कागदावर चित्रं काढू लागले, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, आनंदच आहे. पण आज वारली चित्राचं कुशन कव्हर घेणाऱ्या शंभरांतल्या किती जणांना ‘धवलेरी’ शब्द ठाऊक असेल? चित्र बाजारात पोचलं, गाणं भिंतीपाशीच राहिलं.

पोथीवाचक: धवळे म्हटल्यावर महदंबा यायलाच हवी. तेराव्या शतकात, ऋद्धिपूरला महानुभाव पंथाचे गुरू गोविंदप्रभू यांच्या लग्नाचा सोहळा मांडला तेव्हा तिने रुक्मिणीस्वयंवराचे धवळे गायले. मराठीची आद्य कवयित्री म्हणून तिचं नाव घेतात. महानुभाव ग्रंथांत तिला ‘म्हातारी’ म्हटलंय, तेही कौतुकाने: प्रश्न विचारणारी, चर्चा करणारी म्हातारी. आज कुणाला तसं म्हणून बघा, चहासुद्धा मिळणार नाही!

नवखा: मग पुरुषाला ‘धवलार’ म्हणायचं?

वेलांटी: सोनार-सोनारीण, कुंभार-कुंभारीण या चालीने व्हायला हवं खरं. पण तिथे ‘ईण’ नवऱ्याच्या धंद्यावरून लागलीय. इथे धंदा तिचाच. ‘धवलारणीचा नवरा’ म्हणा.

खाडीकाठचा: ‘धवलारीण’ छापायला दिलं. आत्याला फोन करून ही सगळी चर्चा वाचून दाखवली. म्हणाली, “ता र्‍हाव दे. पाठी झेलाला कोन हाय, ता सांग.” जोडीला ओळ उचलणारी दुसरी बाई अजून मिळालेली नाही. उरण-पनवेलकडची कुणी ओळखीची असेल तर कळवा.