कोर्स झाला, पण कोरी फाईल उघडली की काहीच सुचत नाही

नवखा_कोडर:
पायथन या प्रोग्रामिंग भाषेचा कोर्स पूर्ण केला, लूप, फंक्शन, डिक्शनरी सगळं बघताना कळतं पण स्वतः लिहायला बसलो की डोकं बंद. सगळे म्हणतात प्रोजेक्ट कर, पण कुठला? टू-डू लिस्ट आणि कॅलक्युलेटर झाले, ते पण व्हिडिओ पॉज करत करत. अजून एक कोर्स करू का?

अर्धा_सेमीकोलन:
कोर्स अजिबात नको. व्हिडिओत काय बनवायचं, कुठून सुरू करायचं हे समोरच्याने आधीच ठरवलेलं असतं आणि खरं अवघड काम तर तेच आहे. तुला रोज वैताग देणारं एखादं काम पकड. समजा डाऊनलोड्स फोल्डरमध्ये फोटोंचा ढिगारा पडलाय, तर त्यांना ओळीने नावं देणारी स्क्रिप्ट लिही. वाटतं दहा ओळीत होईल, मग सॉर्ट केल्यावर फोटो10 हा फोटो2 च्या आधी येतो आणि कळतं की स्ट्रिंगची (म्हणजे मजकुराची) तुलना एकेक अक्षर धरून होते, म्हणजे आता नंबर वेगळा काढून इंट (पूर्णांक) करा. पुढे त्याच नावाची फाईल आधीच असेल तर? पायथनचं नाव बदलणारं फंक्शन ओएस.रीनेम विंडोजवर एरर देतं, लिनक्सवर गुपचूप जुनी फाईल उडवतं 😀 म्हणून कॉपीवरच काम कर आणि आधी नुसतं प्रिंट करून बघ काय काय बदलणारे ते.

बगबहाद्दर:
+१, फक्त पहिलाच घास मोठा घेऊ नकोस. लोक लगेच लिनक्सचं उदाहरण देतात की 1991 मध्ये हॉबी म्हणून सुरू झालं वगैरे, अरे पण ते बनवणारा टोरवाल्ड्स लहानपणापासून कोड लिहित होता! आणि एरर आली की लगेच एआयला चिकटवू नकोस, आधी स्वतः वाच. पायथनचा ट्रेसबॅक (एरर आली की दिसणारा मजकूर) खालून वर वाचायचा, खरी एरर शेवटच्या ओळीत असते.

नवखा_कोडर:
फोटोंचंच घेतो मग, ढिगारा आहेच. गिट (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं टूल) आत्ताच शिकायला लागेल का?

अर्धा_सेमीकोलन:
इनिट, ॲड, कमिट या तीन कमांड एवढंच बास. ब्रांच-बिंचच्या नादी आत्ता लागू नको. आणि फोटो रिपोत (गिट सांभाळतं त्या फोल्डरमध्ये) टाकू नकोस, फक्त कोड.