अनुभव धागा: माल बिघडला, आता खापर कुणावर?

धागाकर्ता: सौद्यात दर पडला की पाऊस, व्यापारी, मजूर, औषधवाला अशी यादी तयारच असते. त्यातलं काही खरंही असतं. इथं मात्र आपल्या हातातलं काय सुटतं तेवढंच लिहा, मापासकट. रडगाणं नको.

बेदाणेवाला, तासगाव: बेदाणा काळपट झाला की पहिलं नाव हवामानाचं. त्याआधी रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे द्राक्षातली साखर मोजायचं यंत्र, काढा. २२ ब्रिक्सच्या (साखरेचं माप) खाली द्राक्ष तोडली तर गर भरत नाही, बेदाणा चपटा होतो आणि ४ किलो द्राक्षाला १ किलो बेदाणा हा उतारा विसरायचा. डिपिंगला, म्हणजे वाळवण्याआधी घड द्रावणात बुडवायला, लिटरमागे २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑइल. कार्बोनेट आधी पुरतं विरघळवा, ऑइल नंतर. घड २ ते ४ मिनिटं बुडवायचा. एकाच द्रावणात क्रेटमागून क्रेट काढत राहिलं की त्याची ताकद उतरते, सालीवरचा मेणाचा थर नीट सुटत नाही, माल सावकाश वाळतो आणि तेवढ्यात रंग जातो. रॅकवर एकच थर हवा. घडावर घड चढला की खालचे मणी ओले राहतात, काळेपणा तिथूनच सुरू. मार्चमध्ये ढग येतात हे काय आजचं आहे? शेडचे पडदे ढग दिसल्यावर शोधायला निघालं तर ढगांना बोल लावू नये.

हळदकरी: सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते नावाला, आपल्या काहिलीला (हळद शिजवायची मोठी कढई) नाही! गड्डे (मधला जाड कंद) आणि हळकुंडं (त्याला फुटलेली बोटं) एकत्र शिजवली की एक कच्चं, दुसरं गाळ. वेगळी शिजवा, ४५ ते ६० मिनिटं. काडी आरपार गेली की उतरवायची. वाळवताना थर २-३ इंचांचा, रात्री झाकून.

वाळव्याकडचा: उसाचं रान पांढरं फुटलं की खतात भेसळ! माती तपासा. ईसी (मातीतल्या क्षारांचं माप) ४ च्या वर आणि सामू (pH) ८.५ च्या आत असेल तर ते क्षारपड, तिथं जिप्सम टाकणं म्हणजे पैसे मातीत. जिप्सम चोपणाला, म्हणजे सोडियम वाढलेल्या रानाला. क्षारपडाला आधी निचरा: चर किंवा सच्छिद्र पाइप, मग धुऊन काढणं. आणि फुकटचं पाटपाणी म्हणून रान कायम भिजत ठेवणं थांबवायचं. हे थांबवणं कुणालाच आवडत नाही.

नवखा: बेदाणेवाले दादा, सगळं पटतं. पण मजुरांची टोळी ऐकतच नाही, त्याचं काय?

बेदाणेवाला, तासगाव: माप टोळीवर सोडलंच कशाला? टाकीला आतून २०० लिटरची रेघ मारा. त्या टाकीचं ५ किलो कार्बोनेट आदल्या रात्री पुड्या बांधून ठेवा, ३ लिटर ऑइल वेगळ्या कॅनमध्ये. टाकीशेजारी घड्याळ टांगा. नवं द्रावण किती क्रेटनंतर करायचं, तो आकडा टाकीवरच खडूनं लिहा.