गेन वाढवला की मधमाशा, कमी केला की मुकं

कूलरसमोरचा

नमस्कार मंडळी. वय ४३, नागपूरच्या मानेवाड्यात फ्लॅट, गिटार शिकून तीन वर्षं झाली. स्ट्रॅटची (फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटारची) स्वस्तातली कॉपी आहे, तिन्ही पिकअप (तारांखाली बसवलेले, आवाज पकडणारे) सिंगल कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याचे. अँप दहा वॅटचा, ट्रान्झिस्टरवाला.

मला १९६६ च्या, ब्लूजवाल्या जॉन मेयॉलच्या रेकॉर्डवर एरिक क्लॅप्टननं वाजवलेला आवाज पाहिजे. तोच म्हणजे अगदी तोच नाही, पण निदान त्याचा चुलतभाऊ. जाड, कडेनं थोडा फाटलेला, तरी एकेक सूर वेगळा. माझ्याकडे गेन (अँपवरचं आवाज फाडणारं बटन) आठवर ठेवला की डब्यात मधमाशा कोंडल्यासारखं होतं आणि दोनवर आणला की शाळेच्या घंटीसारखं नुसतं टिंग. बर्डीच्या दुकानात विचारलं तर म्हणाले, गेन अजून वाढवा.

त्यात मे महिना. कूलर लावला की गिटारमधून घूंऽऽ सुरू. बंद केला तर मी घामानं निथळतो. खालच्या काकू साडेनऊनंतर काठीनं छत ठोकतात, म्हणजे मोठ्यानं वाजवायचीही सोय नाही. ट्यूब स्क्रीमर पेडल (पायानं दाबायची, आवाज फाडणारी डबी) घेऊ का?

जुना ऑर्केस्ट्रावाला

भाऊ, थांबा. पैसे खिशात ठेवा.

मी बावीस वर्षं ऑर्केस्ट्रात वाजवलं. काटोल रोडच्या लॉनवरची लग्नं, गणपती, देशपांडे सभागृह, सगळं झालं. सुरुवातीला मीही गेन चढवूनच वाजवत होतो. स्टेजवर मला वाटायचं आग लागून राहिली, आणि समोर बसलेल्याला गिटार आहे की मिक्सर हेच समजत नव्हतं. गेन जास्त झाला की हळू मारलेला आणि जोरात मारलेला सूर एकाच उंचीचा होऊन बसतो. मग तुमच्या हातात बोलायला काही उरतच नाही.

त्या रेकॉर्डचं गणित वेगळं आहे. लेस पॉल गिटार, तिचे हंबकर (दोन वेटोळ्यांचे) पिकअप, आणि दोन बारा इंची स्पीकरचा मार्शल, तोही स्टुडिओत चांगलाच मोठा करून. तिथे अँपमधले व्हॉल्व्हच (ट्रान्झिस्टरऐवजी असणाऱ्या काचेच्या नळ्या) थकून आवाज फाडत होते. तो फाटलेपणा हळूहळू येतो, हात हलका केला की निघूनही जातो. तुमच्या दहा वॅटमध्ये ते हुबेहूब होणार नाही, पण हाताला उत्तर देणारा आवाज नक्की होईल.

असं करा. नेक पिकअप (गिटारच्या मानेजवळचा) घ्या. गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण दहावर. अँपचा बास चार, मिडल सात, ट्रेबल चार. आता गेन शून्यापासून चढवत न्या आणि जोरात मारल्यावर सूर जेमतेम फाटायला लागला की तिथेच हात काढा. बहुतेक चार-पाचच्या आसपास. मग गिटारचा व्हॉल्यूम साडेसहावर आणा. साथ तिथे वाजवायची, सोलो आला की करंगळीनं दहावर. स्ट्रॅटवर ते बटन करंगळीच्या एवढं जवळ आहे, वापरा की!

आणि अँप जमिनीवरून उचलून खुर्चीवर ठेवा. वरच्या पट्टीचा आवाज स्पीकरच्या समोर सरळ जातो. खाली ठेवला तर तो तुमच्या घोट्यांना ऐकू जातो, कानाला नाही. मग तुम्ही ट्रेबल वाढवता. मधमाशा तिथूनही येतात.

तर्रीवाला

तारा कोणत्या आहेत? ब्लूज गिटारवाला स्टीव्ही रे व्हॉन १३ नंबरच्या (सगळ्यात बारीक तार ०.०१३ इंच) लावायचा म्हणतात. जाड तार, जाड आवाज.

जुना ऑर्केस्ट्रावाला

लावायचा, पण गिटार अर्धा सूर उतरवून, आणि त्याच्या बोटांत दम होता. इकडे झीझी टॉपचा बिली गिबन्स ०.००७ इंचाच्या तारेवर वाजवतो, त्याचा आवाज कोणाला बारीक वाटला? ९ असतील तर १० लावून पाहा, बस. त्र्याऐंशीत मी १२ लावल्या होत्या, आठ दिवस जेवताना पोळी तुटत नव्हती.

सोल्डर

घूंऽऽ बद्दल. सिंगल कॉइल म्हणजे उघडा अँटेनाच आहे, कूलरच्या मोटरचं चुंबकीय क्षेत्र पकडतो. तीन गोष्टी करून पाहा. कूलरपासून जेवढं लांब जमेल तेवढं बसा, आणि गिटार हातात धरून जागेवरच गोल फिरा. एका दिशेला घूं एकदम पडतं, खुर्ची तिथे. दुसरं, स्विच दोन किंवा चार नंबरला टाका. मधला पिकअप उलट गुंडाळलेला असेल तर तिथे घूं जवळजवळ मरतं. तिसरं, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर त्याच खोलीत असेल तर पंखा फुलवर किंवा बंद. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर चर्रर्र वाढत असेल तर इन्व्हर्टर बहुतेक स्क्वेअर वेव्हचा (खडबडीत वीज देणारा) आहे, तेव्हा वाजवूच नका.

तारांना हात लावल्यावर घूं कमी होतं, ते नॉर्मल आहे. पण कोणी सांगितलं म्हणून प्लगची अर्थिंगची पिन काढू नका. घूं थांबेल, आणि कदाचित तुम्हीही.

कूलरसमोरचा

काल रात्री बसलो. गेन साडेतीनवर थांबला. पहिल्यांदा वाटलं, हे काय फुळकवणी. मग व्हॉल्यूम दहावर नेऊन दणकून एक सूर मारला आणि पोरगी आतून ओरडली, "बाबा, हे तुम्ही वाजवलं?" घूंसाठी फिरत फिरत खुर्ची आता बाथरूमच्या दाराकडे तोंड करून आहे.

पण बेंड केल्यावर, म्हणजे तार ओढून सूर वर नेल्यावर, माझा सूर बेसूर होतो. गेन होता तेव्हा हे कळत नव्हतं.

जुना ऑर्केस्ट्रावाला

आता आलात मुद्द्यावर. सतारवाला मींड ओढतो तेव्हा कुठे पोचायचं ते त्याच्या कानात आधीच असतं. तिसरी तार, सातवा पडदा, ओढून पूर्ण एक सूर वर न्यायचा. पोचायचं ठिकाण दुसऱ्या तारेच्या पाचव्या पडद्यावर आहे. आधी तो वाजवा, ऐका, मग ओढा. एकट्या बोटानं नाही, मागची दोन बोटं सोबत, आणि मनगट फिरवून. रोज पंधरा मिनिटं, गेन दोनवर. टिंग वाटलं तरी चालेल.

पेडलचं पावसाळ्यात बघू. घेतलंच तर त्याचा ड्राइव्ह अगदी खाली आणि लेव्हल वर, मधल्या पट्टीला ढकलण्यापुरतं.

कूलरसमोरचा

पंधरा मिनिटं झाली. साडेनऊ वाजून गेले होते, काठी वाजली नाही.