डिसेंबरातली कॅथलिक शाळा: मिस्सा, नाताळचं नाटक आणि हॅम्पर

प्रेषक: टार्नेट
२४ नोव्हेंबर २०२५

मंडळी, नमस्कार.

आम्ही मेलबर्नला राहतो. मुलगा सहावीत, मुलगी प्रेपमध्ये (पहिलीच्या आधीचं वर्ष). शाळा कॅथलिक, घर हिंदू. शेवटच्या तीन आठवड्यांचं वेळापत्रक ॲपवर आलंय: ५ डिसेंबरपर्यंत हॅम्परचं (गरजू घरांना नाताळसाठी द्यायच्या खोक्यांचं) सामान द्यायचं, ८ ला चर्चमध्ये शाळेची मिस्सा (कॅथलिकांची मुख्य सामूहिक उपासना), १० ला संध्याकाळी मैदानावर कॅरल्स आणि प्रेपचं नाटक, १६ ला सहावीची ग्रॅज्युएशन मिस्सा, १९ ला शाळा संपते. मुलगी नाटकात मेंढपाळ आहे, मुलाला मिस्सेसाठी एक प्रार्थना लिहून वाचायची आहे.

मिस्सेत मुलांनी आणि आम्ही काय करायचं, काय टाळायचं? वेष घरी होईल का? हॅम्परमध्ये नेमकं काय चालतं?

--

प्रेषक: वेरिबी (शाळेत धर्मशिक्षण शिकवतो, मूळ वसई)
२४ नोव्हेंबर

ताई, तुमच्या वेळापत्रकात उपासनेच्या तारखा दोनच, ८ आणि १६. बाकी सगळा उत्सव. उत्सवात बिनधास्त मिसळा. उपासनेतही बसायला, उठायला, गायला कुणाची आडकाठी नसते, फक्त एक गोष्ट राखीव असते, तिच्याकडे येतोच.

८ डिसेंबरला निष्कलंक गर्भसंभवाचा सण असतो. पुष्कळांना, कॅथलिकांनासुद्धा, वाटतं की हा येशूच्या गर्भधारणेचा सण. तसं नाही. मरिया स्वतः आईच्या पोटात आली तेव्हापासूनच मूळ पापापासून मुक्त होती, ही श्रद्धा त्यामागे आहे. त्यानंतर बरोबर नऊ महिन्यांनी, ८ सप्टेंबरला, तिचा जन्मदिवस. तोच सण ज्याच्या निमित्ताने वांद्र्याला माउंट मेरीची जत्रा भरते. त्यामुळे आगमनकाळ (नाताळाआधीचे सुमारे चार आठवडे) चालू असला तरी ८ तारखेला धर्मगुरूंची वस्त्रं पांढरी असतील आणि ग्लोरिया (देवाच्या गौरवाचं गीत) गायला जाईल. १६ ला बहुतेक पुन्हा जांभळी वस्त्रं, ग्लोरिया नाही. मुलीने रंग का बदलला म्हणून विचारलं तर उत्तर हे.

शाळेच्या पत्रात 'मिस्सा' लिहिलंय की 'लिटर्जी', ते नीट बघा. लिटर्जीत वाचन, गाणी, प्रार्थना असतात, प्रभूभोजन (अभिमंत्रित भाकर घेण्याचा विधी) नसतं, अर्ध्या तासात आटपतं. शाळेच्या मिस्सेला पाऊण ते एक तास धरा. मुलांच्या मिस्सेसाठी रोमने १९७३ मध्येच वेगळी मार्गदर्शिका काढली. तिच्यानुसार वाचनं कमी करता येतात, पण शुभवर्तमान (येशूच्या जीवनावरचं बायबलमधलं वाचन) कधीच गाळता येत नाही. ते धर्मगुरू किंवा डीकनच (धर्मगुरूंचे दीक्षित सहायक) वाचतात आणि तेव्हा सगळे उभे असतात.

आता ती राखीव गोष्ट. प्रभूभोजनाच्या वेळी एकेक बाक रिकामा होत रांग वेदीकडे जाते. बाप्तिस्मा न झालेल्या मुलांनी, आणि तुम्हीही, प्रभूभोजन घ्यायचं नाही. जागेवर बसून राहणं अगदी योग्य. रांगेतून जायचंच असेल तर दोन्ही हात छातीवर फुलीसारखे ठेवायचे, बोटांची टोकं खांद्यांना टेकलेली. मग धर्मगुरू फक्त आशीर्वाद देतात. आपल्या मुलांचा घोटाळा इथेच होतो. तीर्थ-प्रसादाच्या सवयीने उजव्या तळव्याखाली डावा तळवा ठेवून हात आपोआप पुढे जातो. कॅथलिक माणूसही जवळपास असाच हात करतो, फक्त डावा तळवा वर. त्यामुळे देणाऱ्याला फरक कळायला मार्ग नाही आणि होस्ट (प्रभूभोजनाची पातळ, गोल भाकर) हातावर पडते. घरी आरशासमोर चार वेळा फुलीचा सराव करून घ्या. होस्ट हातात पडलीच तर खिशात घालू नका, बाकावर ठेवू नका, तिथल्या तिथे परत द्या. कॅथलिक श्रद्धेत तो प्रसाद नव्हे, ख्रिस्ताचं शरीर आहे. म्हणूनच तेवढा काटेकोरपणा.

बाकी सगळे उठतील तेव्हा उठा, बसतील तेव्हा बसा. गुडघे टेकायची सक्ती नाही, नुसतं बसलेलं चालतं. क्रुसाची खूण करायची गरज नाही. शांतीचं अभिवादन करताना शेजारचे हात मिळवतील. तुम्ही नमस्कार केलात तरी काही बिघडत नाही, भारतातल्या चर्चमध्ये त्या वेळी नमस्कारच करतात. मिस्सा चालू असताना मोबाइल वर काढू नका. फोटो नंतर पायऱ्यांवर काढा, आणि त्यात दुसऱ्यांची मुलं आली तर तो ग्रुपवर टाकण्याआधी विचारा.

मुलाची प्रार्थना. या सार्वजनिक प्रार्थनांचा क्रम ठरलेला आहे: आधी चर्चसाठी, मग राज्यकर्ते आणि जगासाठी, मग अडचणीत असलेल्यांसाठी, शेवटी आपल्या समुदायासाठी. मुलाला यातली कितवी दिली आहे ते शिक्षकांना विचारा, नाहीतर चौघं चार वेळा सहावीच्या वर्गासाठीच प्रार्थना करतात. दोन वाक्यं पुरे: कुणासाठी, आणि त्यांना काय मिळो. 'आम्हाला पाचवीत कॅम्पला मजा आली' हे भाषणात घ्या, इथे नको. तोंड माइकपासून वीतभर लांब. शेवटी 'लॉर्ड, हिअर अस' म्हणून थांबायचं, लोकांचं उत्तर पूर्ण होऊ द्यायचं आणि मगच जागा सोडायची. नव्वद टक्के मुलं उत्तर येण्याआधीच पळतात. कागद ए-फोर, अक्षर मोठं, आणि एक जास्तीची प्रत शिक्षकांकडे.

बायबलमधलं वाचन कुणाला द्यायचं हे धर्मगुरू आणि शाळा ठरवतात. प्रस्तावना वाचणं किंवा वर्षाच्या आठवणींच्या वस्तू वेदीपाशी नेणं, ही कामं सहसा कुठल्याही मुलाला मिळतात.

--

प्रेषक: पॉइंट कुक
२५ नोव्हेंबर

मेंढपाळाचा वेष घरच्या सामानात होतो. पैसे खर्च करू नका.

बाबांचा जुना सुती कुर्ता, बाह्या कोपरापर्यंत कापलेल्या, लांबी पोटरीपर्यंतच. घोट्यापर्यंत ठेवलात तर स्टेजच्या पायरीवर पाय अडकतो. कमरेला नाडी किंवा जुनी ओढणी. डोक्याला स्वयंपाकघरातला चौकड्याचा पुसणा, कपाळावरून मागे सोडलेला, वरून दोन सेंटिमीटर रुंद इलॅस्टिकची पट्टी. गाठ मारू नका, पाच वर्षांचं मूल ती दहा मिनिटांत ओढून काढतं. इलॅस्टिक डोक्याच्या मापापेक्षा तीन-चार सेंटिमीटर कमी घ्या, त्याहून घट्ट झालं तर कपाळावर वळ उठतो. काठी शाळेत चालते का ते आधी विचारा. बहुतेक ठिकाणी चालत नाही, दोन मेंढपाळांच्या हातात काठ्या आल्या की पुढे काय होतं ते सांगायला नको.

घरी असलेली खरी धनगरी घोंगडी कुणाला आठवली असेल, तर कृपया नको. डिसेंबरात पारा पस्तिशीच्या वर गेलेला असू शकतो.

ज्यांची मुलं ज्ञानी पुरुष झाली आहेत त्यांच्यासाठी: तयार शिवलेला लहान मुलांचा फेटा झकास दिसतो, पण हनुवटीखालून इलॅस्टिक लावल्याशिवाय देऊ नका. भेटवस्तू ठेवायला मूल वाकतं आणि फेटा गव्हाणीत पडतो. मरियेला निळी ओढणी लागते. आपली ओढणी सव्वादोन-अडीच मीटर असते, ती निम्मी दुमडा आणि हेअरबँडला दोन सेफ्टी पिनांनी आतून टाचा. जरीची नको, ती नाझरेथची गरीब मुलगी आहे.

कॅरल्सबद्दल: मेलबर्नला त्या दिवसांत सूर्य मावळतो साडेआठनंतर. सातच्या कार्यक्रमात मेणबत्त्यांचा उजेड कुणालाच दिसत नाही. तरीही न्यायच्या तर बॅटरीवरच्याच न्या. मुलांचे केस जवळ असतात, आणि टोटल फायर बॅन (वणव्याच्या धोक्याच्या दिवशीची आगबंदी) लागला तर उघड्यावर ज्योत पेटवताच येत नाही. उन्हाची टोपी, सतरंजी, डासांचं मलम, पाणी. गोठवलेली पाण्याची बाटली सोबत असली की खायचा डबाही गार राहतो.

वर्गाच्या पार्टीला घरचं द्यायचं तर आधी शाळेचा नियम वाचा. शेंगदाणे, काजू, बदाम असलेलं काहीच नको, त्यामुळे चिवडा बाद. पुष्कळ शाळा फक्त सामग्रीची यादी छापलेली बंद पाकिटंच घेतात. फळं दिलीत तर द्राक्षं उभी चिरून.

--

प्रेषक: सनशाइन (व्हिनीजच्या हॅम्परचं काम बघते)
२५ नोव्हेंबर

हॅम्पर बहुतेक शाळांतून सेंट व्हिन्सेंट दी पॉल सोसायटीकडे जातात. इथे सगळे तिला व्हिनीज म्हणतात. ही संस्था पॅरिसला १८३३ मध्ये सुरू झाली आणि ऑस्ट्रेलियातली तिची पहिली शाखा आपल्याच शहरात, लॉन्सडेल स्ट्रीटवरच्या सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये, ५ मार्च १८५४ ला निघाली. म्हणजे शाळा दर वर्षी हे डबे का गोळा करते, त्यामागे बराच जुना वारसा आहे.

साधारणपणे प्रत्येक इयत्तेला एकेक वस्तू वाटून दिलेली असते. तीच द्या, आपल्या मनाने बदलू नका. नाहीतर सत्तर डबे टोमॅटोचे आणि दूध शून्य, असे खोके तयार होतात. यादी नसेल तर लाँग-लाइफ दूध, कस्टर्ड, फळांचे डबे, बिस्किटं, पास्ता आणि सॉस, चहा, ख्रिसमस पुडिंग. डबा ओढून उघडण्याच्या कडीचा बघा, सगळ्यांकडे टिन उघडायचं यंत्र नसतं. काचेची बरणी नको. एक फुटली की आख्खं खोकं फेकावं लागतं. डब्यावरची मुदत किमान मार्चच्या पुढची. घरी केलेले लाडू, शंकरपाळे कितीही चांगले असले तरी घेता येत नाहीत. मद्य घातलेलं पुडिंगही नको. तांदूळ देताय तर एक किलोचं पाकीट द्या, पाच किलोंनी पिशवीचा बंद तुटतो.

नाताळच्या झाडावर कागदी चिठ्ठ्या लावून 'मुलगी, ७ वर्षं' अशी भेट मागितली असेल तर ती वेष्टनात गुंडाळू नका. वाटणाऱ्यांना आत काय आहे ते दिसावं लागतं. गिफ्टचा कागद आणि चिकटपट्टी वेगळी द्या, म्हणजे त्या घरच्या आईला स्वतः गुंडाळता येईल. सगळ्यात कमी भेटी येतात त्या बारा ते सोळा वयाच्या मुलांसाठी. सगळे टेडी बेअर आणतात.

खोकी भरायला मदतीला येणार असाल तर वर्किंग विथ चिल्ड्रन चेक (मुलांसोबत काम करणाऱ्यांची पार्श्वभूमी-तपासणी) आत्ताच काढा. स्वयंसेवकांना फुकट मिळतो, पण आदल्या आठवड्यात अर्ज केला तर वेळेत हातात पडणार नाही.

--

प्रेषक: वेरिबी
२६ नोव्हेंबर

पॉइंट कुकच्या ताईंचं कॅरल्सबद्दलचं सगळं मान्य, माझी तक्रार वेगळीच आहे. चर्चच्या वर्षाचा शेवटचा रविवार, ख्रिस्तराजाचा सण, कालपरवा २३ तारखेला झाला. ३० पासून आगमनकाळ. तो वाट पाहण्याचा काळ, नाताळ नव्हे. नाताळ २५ ला सुरू होऊन जानेवारीतल्या प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो, आणि तेव्हा शाळेला कुलूप. म्हणून शाळा आनंदाची गाणी दोन आठवडे आधीच गाऊन घेते. दुसरा इलाज नाही हे कळतं, तरी वाट पाहणं तेवढं राहून जातं.

ते बघायचं असेल तर वर्गातल्या प्रार्थनेच्या टेबलावर बघा. हिरव्या पानांच्या कड्यात चार मेणबत्त्या असतात, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. दर आठवड्याला एक वाढवत जायचं. गुलाबी तिसऱ्या रविवारची, यंदा १४ डिसेंबरची. घरी करताना मुलं हमखास गुलाबी आधी लावतात. चौथी २१ ची, म्हणजे शाळा सुटल्यावर. बरेच शिक्षक शेवटच्या दिवशी तीही लावून टाकतात. आणि गव्हाणीत बाळ दिसलं नाही तर हरवलं समजून ऑफिसात सांगायला जाऊ नका. ते २४ च्या रात्रीपर्यंत मुद्दामच ठेवलेलं नसतं.

--

प्रेषक: क्रेगीबर्न
२६ नोव्हेंबर

दादा, आम्ही कॅथलिक आहोत, वसईचेच. मुलगा पुढच्या वर्षी तिसरीत. शाळेने संस्कारांसाठी बाप्तिस्म्याचा दाखला मागितलाय. इथल्या चर्चमधून मिळेल का?

--

प्रेषक: वेरिबी
२७ नोव्हेंबर

नाही. दाखला जिथे बाप्तिस्मा झाला त्याच धर्मग्रामातून (पॅरिश, म्हणजे त्या चर्चचा परिसर) मिळतो, कारण मूळ नोंदवही तिथेच असते. पुढे दृढीकरण (कन्फर्मेशन) झालं, लग्न झालं, तरी त्याची नोंद त्याच वहीत कळवली जाते. मेलबर्नच्या बऱ्याच शाळांत तिसरीत प्रायश्चित्त संस्कार (पहिलं पापनिवेदन), चौथीत पहिलं प्रभूभोजन, सहावीत दृढीकरण असा क्रम असतो. तयारी शाळेत होत असली तरी नाव धर्मग्रामात घालायचं असतं, ते ॲपवर आपोआप होत नाही.

सुट्टीत गावी जाताय तर आत्ताच फोन करून ठेवा. २० डिसेंबरनंतर धर्मगुरू पापनिवेदन ऐकण्यात आणि नाताळच्या मिस्सांत इतके गुंतलेले असतात की वही उघडायला वेळ नसतो. जानेवारीचा दुसरा आठवडा बरा. सोबत न्या: मुलाची जन्मतारीख, बाप्तिस्म्याची तारीख (अंदाजे महिना तरी), आईवडिलांची आणि बाप्तिस्म्याच्या वेळच्या मानलेल्या आईवडिलांची (गॉडपेरेंट्स) नावं. पासपोर्टवर आणि वहीत नाव वेगवेगळं असेल, घरचं आडनाव किंवा मधलं नाव गळलं असेल, तर ते तिथेच दाखवून द्या आणि दाखल्यावर दोन्ही नावांचा उल्लेख मागा. इथे आल्यावर ती दुरुस्ती टपालाने करायला महिने लागतात. मूळ प्रत घरी ठेवा, शाळेला फोटोकॉपी द्या. चौथीत आणि सहावीत हाच कागद पुन्हा मागतील.