पहिलं घर: हप्ता झेपतो, सुरुवातीचे पैसे कुठून आणायचे?

वाकडकर
लग्न झालेल्या प्रत्येक जोडप्याला सगळे हप्त्याचं गणित सांगतात. अडतं ते त्याच्या आधी. पिंपरी-चिंचवडच्या रावेत, पुनावळे, मोशी पट्ट्यातला बांधकाम चालू असलेला 60 लाखांचा टू बीएचके धरा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने 30 ते 75 लाखांच्या कर्जाला किमतीच्या 80 टक्के मर्यादा, म्हणजे 48 लाख. 12 लाख आपले. वर मुद्रांक शुल्क 7 टक्के म्हणजे 4 लाख 20 हजार, नोंदणी 30 हजार, जीएसटी 5 टक्क्यांनी 3 लाख. एकूण साडेएकोणीस लाख. मुद्रांक आणि नोंदणी बँक किमतीत धरतच नाही. 48 लाखांचा हप्ता साडेआठ टक्क्यांनी, 20 वर्षांसाठी साधारण 41,650 येतो. दोघांचे मिळून 85 हजार हातात पडत असतील तर तो मंजूरही होतो. पण साडेएकोणीस लाख साठेपर्यंत भाव पुढे गेलेला असतो. पहिल्या घराला मुद्रांक शुल्क निम्मं करावं, असं माझं ठाम मत आहे.

लेखापाल
असहमत. 2020 च्या सप्टेंबरपासून राज्याने मुद्रांक शुल्क 3 टक्क्यांनी कमी केलं होतं, डिसेंबरअखेरपर्यंत. नोंदणीला झुंबड उडाली, पण ती सवलत गुंतवणूकदारालाही मिळाली. फक्त पहिल्या घराला द्यायची तर 'पहिलं' कसं तपासणार? वडिलोपार्जित घरात चौथा हिस्सा असलेल्याचं काय? शिवाय सवलत जाहीर झाली की बिल्डर तेवढाच भाव वाढवतो.

आज हाताशी आहे ते तरी वापरा. घर एकट्या पत्नीच्या नावावर घेतलं तर 1 टक्का सूट आहे, इथे 60 हजार. नवऱ्याचं नाव करारात जोडलं की ती गेली. तो मालक नसतानाही सहकर्जदार होऊ शकतो, मात्र जुन्या करप्रणालीत असेल तर व्याजाची वजावट त्याला मिळणार नाही. दोन्ही आकडे मांडून मग नाव ठरवा.

वाकडकर
@लेखापाल, बिल्डर सगळी सवलत गिळतो हे रिसेलला कसं लागू होईल? तिथे विकणारा साधा माणूस असतो. हिश्शाचा प्रश्न खरा आहे, पण नियमात 'स्वतंत्र सदनिका' अशी व्याख्या करता येते.

मुक्ता
दोघांच्या हिशोबात एक खड्डा राहिला. बांधकामातल्या घरात आपले पैसे आधी जातात, मग बँकेचे. महारेराच्या (राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाच्या) नमुना करारानुसार सगळे स्लॅब पडेपर्यंत बिल्डर 70 टक्क्यांपर्यंत मागू शकतो, म्हणजे 42 लाख. त्यातले 12 आपले, 30 बँकेचे. त्या 30 लाखांवर महिन्याला 21,250 नुसतं व्याज, मुद्दल जिथल्या तिथे. जोडीला 20 हजार भाडं. ताबा वर्षभर लांबला की खरी दमछाक इथे होते. रेरा कायद्याच्या कलम 18 खाली उशिराचं व्याज मागता येतं, पण ते हातात पडेपर्यंत घरखर्च आपल्यालाच भागवायचा असतो. म्हणून तरुण जोडप्याने भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा पालिकेचा दाखला) मिळालेलंच घर बघावं. जीएसटीही लागत नाही.

आणि 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम नोंदणीकृत कराराआधी द्यायची नाही. बुकिंगच्या दिवशी कोणी 20 टक्के मागत असेल तर उठून या.

डोंबिवलीकर
माझं मत सगळ्यांच्या विरुद्ध. 60 लाखांच्या घराचं भाडं 20 हजार, म्हणजे वर्षाला 4 टक्के. कर्ज साडेआठने. पहिल्या महिन्याच्या हप्त्यातले 34 हजार व्याजातच जातात. पाच-सात वर्षं भाड्याने राहून फरक साठवावा. 11 महिन्यांच्या कराराचाच जाच असेल तर 36 महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करा, वाढ किती ते आधीच लिहून घ्या, नोंदणी करा.

मुक्ता
@डोंबिवलीकर, आकडे बरोबर, पण फरक साठतो कुठे? शाळेचा प्रवेश झाला की त्याच भागात राहावं लागतं, आणि घरमालकाला ते ठाऊक असतं. 36 महिन्यांच्या कराराला पुण्यात किती मालक तयार होतात?

लेखापाल
रिसेल बघणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. बँक करारातली किंमत आणि स्वतःचं मूल्यांकन, यातली कमी रक्कम धरते. सौदा 55 लाखांचा, मूल्यांकन 50 चं, तर कर्ज 40 लाख. 15 लाख तुमचे. जुन्या इमारतीत हा फरक हमखास निघतो. टोकन देण्याआधी बँकेच्या पॅनलवरच्या व्हॅल्युअरकडून अंदाज घ्या. काही रक्कम रोखीत मागणारा विक्रेता टाळाच, कारण तेवढी करारात दिसत नाही आणि तिच्यावर कर्ज मिळत नाही. महापालिका हद्दीत सोसायटीला हस्तांतरणाचा प्रीमियम 25 हजारांच्या वर घेता येत नाही, 'देणगी' या नावानेही नाही.

अर्ज करायच्या आधी चालू हप्ते संपवा. दुचाकीचा 5 हजारांचा हप्ता बाकी असेल तर याच दराने कर्जाची पात्रता पावणेसहा लाखांनी घटते.

वाकडकर
हे मान्य. सोबत म्हाडाच्या सोडतीचा अर्जही चालू ठेवा, विशेषतः 20 टक्के योजनेतली, म्हणजे मोठ्या खासगी प्रकल्पांत सोडतीसाठी राखून ठेवलेली घरं, कारण ती खासगी प्रकल्पांतच असतात. उत्पन्न पती-पत्नीचं एकत्र धरतात. अधिवास प्रमाणपत्र आधीच काढून ठेवा. मुद्रांकाचा मुद्दा मात्र मी सोडलेला नाही.