प्रतिसाद: भागीदारीत पैसा कुठून कुठे जातो?

'स्थानिक भागीदारी म्हणजे पालिका, एखादी संस्था आणि उद्घाटनाचा फोटो' हे या चर्चेत वर कोणीतरी मांडलेलं मत बऱ्याच ठिकाणी लागू पडतं. पण पुण्यातल्या 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेला तोच शिक्का मारणं पटलं नाही. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ची. तिच्यातूनच ही सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८मध्ये महापालिकेशी करार झाला. दारोदारचा कचरा उचलायचा, शुल्क घराघरातून घ्यायचं आणि भंगार विकून येणारा पैसा वेचणाऱ्या बाईचाच.

इथे अजून कोणी न मांडलेली गोष्ट हीच. कचरा वाहणाऱ्या ठेकेदाराला बहुतेकदा टनावर पैसे मिळतात, म्हणजे कचरा जितका जड आणि मिसळलेला तितकं त्याचं बरं. वेचणारीचं मात्र वर्गीकरणावर पोट, त्यामुळे प्लॅस्टिक-कागद पुनर्वापराला जातो आणि ओला कचरा वेगळा राहतो. तोच डेपोत दाबला गेला की हवेविना कुजून मिथेन हा तापमान वाढवणारा वायू सोडतो. करार मात्र तकलादू: २०१३ला मुदत संपली, नवा व्हायला २०१६ उजाडलं. अशा भागीदारीच्या आराखड्यांवर चर्चा करताना या मधल्या काळाबद्दलही कोणीतरी बोला.