नियंत्रण सांध्यातून येतं

सीटीपी हा पेशीतला छोटा रेणू सक्रिय जागेवरच, म्हणजे जिथे अभिक्रिया घडते तिथेच, बसून एन्झाइम अडवतो, असं एक म्हणणं आहे. ते मला पटत नाही. ई. कोलाय या जिवाणूमधल्या अ‍ॅस्पार्टेट ट्रान्सकार्बामॉयलेज या एन्झाइममध्ये १२ प्रथिन-साखळ्या असतात: ६ उत्प्रेरक (अभिक्रिया घडवणाऱ्या), दोन त्रिकुटांत, आणि ६ नियामक (वेगावर नियंत्रण ठेवणाऱ्या), तीन जोड्यांत. १९६५ साली गेरहार्ट आणि शाकमन या शास्त्रज्ञांनी पाऱ्याचं संयुग वापरून हे दोन भाग वेगळे केले. सुटं त्रिकूट काम करतच राहिलं, पण सीटीपीला ते अजिबात दाद देईना. सीटीपी चिकटत होतं नियामक जोडीला, आणि तिला उत्प्रेरण जमतच नाही! अ‍ॅस्पार्टेटचं प्रमाण आणि अभिक्रियेचा वेग यांच्या आलेखाचा एस आकारही गेला, साधा हायपरबोला उरला.

मला यात सगळ्यात सुंदर वाटतो तो जस्ताचा अणू. नियामक साखळी जिथे उत्प्रेरक साखळीला टेकते, त्याच भागात चार सिस्टीन (एक अमिनो आम्ल) त्याला धरून असतात. पारा नेमका या सिस्टीनांवर बसतो, जस्त निसटतं आणि सांधा सुटतो. पारा काढून जस्त परत दिलं की साखळ्या आपापल्या जुळतात, आणि सीटीपीचा लगामही परत बसतो. सीटीपीची जागा तर सक्रिय जागेपासून सुमारे ६० अँगस्ट्रॉम लांब आहे. निरोप पोहोचतो तो या सांध्यांमधूनच.